सात गुणांची कृपा

भारतातले पहिले दोन पदवीधर मुळात नापास झाले होते, हे तुम्हाला माहीत आहे का?

थट्टा नाही, खरंच. १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास अशी तीन विद्यापीठं निघाली. त्यातल्या कलकत्ता विद्यापीठाची बी.ए.ची पहिली परीक्षा १८५८ साली झाली. विषय सहा. निकाल लावायला बसले तर सगळ्या विषयांत पास असा एकही उमेदवार निघेना! नवंकोरं विद्यापीठ, पहिलीवहिली परीक्षा आणि पदवी द्यायला माणूसच नाही. मोठीच पंचाईत. मग पुन्हा गुण पाहिले, तेव्हा दोघेजण असे सापडले की पाच विषयांत चांगले पास आणि सहाव्यात नापास, पण तेही सात गुणांपेक्षा जास्त कमी नाहीत. विद्यापीठाने खास मेहेरबानी म्हणून त्या दोघांना पास केलं आणि दुसऱ्या वर्गात बसवलं. वर असंही नमूद करून ठेवलं की ही मेहेरबानी पुढच्या वर्षांसाठी पायंडा समजू नये.

त्या दोघांतले एक यदुनाथ बसू. दुसरे बंकिमचंद्र चट्टोपाध्याय, म्हणजे 'वंदे मातरम्' लिहिणारे.

पायंडा समजू नये! त्यानंतर या देशात किती मुलांना ग्रेसचे किती गुण वाटले गेले, ते देवच जाणे. मेहेरबानी एकदा दारातून आत आली की ती पाहुणी राहत नाही, घरचीच होते.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे आमच्या घरातली तीन मुलं सध्या कॉलेजात आहेत. भावाच्या नातीला दोन विषयांत एटीकेटी लागली आहे. पुतण्याच्या मुलाची हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली म्हणून कॉलेजने घरी पत्र धाडलंय. तिसऱ्याला प्रोजेक्ट परत मिळाला, कारण मशीनने सांगितलं की हे लिखाण दुसरीकडून उचललेलं आहे. तिघांच्याही घरी वातावरण तंग. दिवाळीला जमलो तेव्हा तिघांचा मिळून एकच सूर होता, "आजी, हे असले नियम केले कोणी?" तेव्हा फराळाच्या गडबडीत नीट उत्तर देता आलं नाही. ते आता सवडीने देते. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे उत्तर जरा लांबणार, हे तुम्ही धरून चालाच.

एटीकेटी या शब्दापासूनच सुरुवात करू. 'अलाउड टू कीप टर्म्स' याची ती आद्याक्षरं, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण टर्म 'कीप' करायची म्हणजे नक्की काय करायचं? हा विलायती रिवाज. गांधीजी १८८८ साली बॅरिस्टर व्हायला लंडनला गेले, तेव्हा त्यांनाही टर्म्स भराव्या लागल्या. त्या कशा भरायच्या, तर जेवून! एका टर्ममध्ये साधारण चोवीस जेवणं होत, त्यातल्या निदान सहांना हजेरी लावायची. अशा बारा टर्म्स. वकिलांच्या संगतीत बसून उठण्याबोलण्याची रीत शिकावी, असा त्यामागचा मूळ हेतू. गांधीजींनी हे सगळं आत्मचरित्रात मजेत सांगितलं आहे. आपल्याकडे कॉलेजं आली तेव्हा जेवणं काही आली नाहीत, पण टर्म आली. टर्म भरणे, टर्म न मिळणे, टर्म रद्द होणे हे शब्द आपल्या मराठीत असे काही मुरले की ते परके आहेत हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

मुंबई विद्यापीठ निघालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. सुरुवातीच्या काळात ते शिकवत नसे, फक्त परीक्षा घेई आणि पदव्या देई. शिकवायचं ते कॉलेजांनी. विद्यापीठांनी स्वतः शिकवावं ही गोष्ट कायद्यात ठळकपणे आली ती लॉर्ड कर्झनच्या काळात, १९०४ च्या कायद्याने. या व्यवस्थेत विद्यार्थ्यासमोर दोन दारं आणि दोन कुलपं होती. एक कुलूप कॉलेजच्या हाती: हजेरी, वर्तणूक आणि टर्म. दुसरं विद्यापीठाच्या हाती: परीक्षा, गुण आणि पदवी. विद्यार्थ्याच्या हातात काय? काही नाही. त्याने दार उघडण्याची वाट पाहायची.

आता तुम्ही म्हणाल, त्यात बिघडलं काय? मुलाने प्रामाणिकपणे अभ्यास केला की दोन्ही दारं आपोआप उघडतात. मीही वर्गात मुलांना हेच सांगत आले. पण इतिहास तपासला तर ते नेहमीच तसं घडलेलं नाही.

न्यायमूर्ती रानड्यांचंच बघा. मुंबई विद्यापीठाच्या बी.ए.च्या पहिल्या तुकडीतले ते विद्यार्थी, १८६२ सालचे. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे हे त्यांचे सोबती. रानडे इतकं वाचत की डोळे अधू झाले. अशा विद्यार्थ्याने एल्फिन्स्टन कॉलेजात एक निबंध लिहिला आणि त्यात इंग्रजी राजवटीची मराठ्यांच्या राज्याशी तुलना करून मराठ्यांच्या बाजूने मत दिलं. प्राचार्य होते सर अलेक्झांडर ग्रँट. विद्वान माणूस आणि रानड्यांच्या बुद्धीचं त्यांना मोठं कौतुक. पण सरकारच्या पैशाने शिकायचं आणि सरकारलाच नावं ठेवायची हे काही साहेबांना रुचलं नाही. त्यांनी रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली, असं चरित्रकार सांगतात.

रानड्यांनी ना कॉपी केली होती, ना ते नापास झाले होते. मनात होतं ते त्यांनी कागदावर उतरवलं, एवढाच गुन्हा. प्रामाणिकपणा म्हणून जे काही मुलांना शिकवतात, ते त्यांनी अक्षरशः पाळलं आणि त्याचीच शिक्षा भोगली.

दुसरी गोष्ट कॉर्नेलिया सोराबजींची. जन्म १८६६ सालचा, नाशिकचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मुलांच्या गर्दीत शिकल्या. १८८० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई विद्यापीठाची बी.ए. पहिल्या वर्गात पास झाल्या. या विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर त्याच. विलायतेत शिकायला सरकारी शिष्यवृत्ती होती आणि गुणांप्रमाणे त्या तिला पात्र होत्या. पण ती त्यांना मिळाली नाही. का? तर बाई म्हणून! इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी मग वर्गणी काढली, तीत फ्लॉरेन्स नाइटिंगेलसुद्धा होत्या. कॉर्नेलिया १८८९ साली ऑक्सफर्डला गेल्या, १८९२ साली खास परवानगीने कायद्याच्या परीक्षेला बसल्या. पण पदवी हातात पडली ती १९२२ साली, कारण ऑक्सफर्ड तोवर, म्हणजे १९२० पर्यंत, बायकांना पदवीच देत नव्हतं. परीक्षा पास होऊन पदवीसाठी तीस वर्षं थांबायचं! आपल्या नातीची दोन विषयांची एटीकेटी यापुढे काहीच नाही.

या दोन्ही गोष्टींत विद्यार्थी नियमाने वागले. पण ज्यांनी नियम पाळून घ्यायचे, ते सोयीने वागले.

तिसरी गोष्ट तुम्हा सगळ्यांना पाठ आहे, पण ती या अंगाने पाहिली आहे का बघा. राजकोटच्या हायस्कुलात गांधीजी पहिल्याच वर्षाला होते आणि जाइल्स नावाचे इन्स्पेक्टर तपासणीला आले. त्यांनी पाच इंग्रजी शब्द लिहायला सांगितले. त्यातला 'केटल' मोहनचा चुकला. मास्तरांनी बुटाच्या टोकाने खुणावलं, शेजारच्याच्या पाटीवरून बघून लिही. मुलाच्या ते डोक्यातच येईना, कारण मास्तर कॉपी होऊ नये म्हणून उभे असतात अशी त्याची समजूत. आपण ही गोष्ट मोहनच्या सचोटीसाठी सांगतो, मीसुद्धा असंख्य वेळा सांगितली. पण या गोष्टीत आणखी एक पात्र आहे, ते म्हणजे मास्तर. त्या मास्तरांना मोहनचं शुद्धलेखन सुधारायचं नव्हतं. साहेबासमोर वर्ग चांगला दिसायला हवा होता. आमच्या मुंबई इलाख्यात तर १८६० च्या दशकापासून शाळांना अनुदानच परीक्षेच्या निकालावर द्यायची पद्धत सुरू झाली होती. जितकी मुलं पास, तितका पैसा. निकालावर पोट अवलंबून असलं की मास्तरांचा बूट आपोआप हलू लागतो.

आता स्वातंत्र्यानंतरच्या काळाकडे येते.

राज्यघटना आली आणि विद्यार्थ्याच्या हातात पहिल्यांदा एक किल्ली आली. ती म्हणजे कोर्ट. १९५४ साली उत्तर प्रदेशात तीन मुलं कॉमर्सची इंटरमिजिएट परीक्षा पास झाली. निकाल लागला, पुढच्या वर्गात गेली. आणि त्याच डिसेंबरात त्यांना कळलं की परीक्षा समितीने गैरप्रकाराबद्दल त्यांचा निकाल रद्द केला आहे आणि १९५५ च्या परीक्षेलाही बसायला बंदी घातली आहे. तुमच्यावर आरोप काय, तुमचं म्हणणं काय, हे कोणी विचारलंच नव्हतं. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. मंडळाच्या नियमांत विद्यार्थ्याचं म्हणणं ऐकून घ्या असं कुठे लिहिलेलं नव्हतं. पण १९६२ साली कोर्टाने सांगितलं की, लिहिलेलं नसलं तरी ऐकलं पाहिजे. एखाद्या मुलाचं आयुष्य पालटून टाकणारा निर्णय समितीने न्यायाधीशाच्या वृत्तीने घ्यायला हवा.

मला वाटतं, आपल्या शिक्षणाच्या इतिहासात ही तारीख मुलांना शिकवायला हवी. बी.ए.ला मी इतिहास घेतला होता, सगळे पेपर मराठीतून लिहिले, पानिपतापासून प्लासीपर्यंत सगळ्या लढाया पाठ होत्या. पण ही लढाई कोणी शिकवली नाही.

अर्थात नाण्याला दुसरी बाजू आहे आणि ती लपवून ठेवली तर मी शिक्षिका कसली. १९६९ साली बिहारमध्ये हंसवाडीह नावाच्या केंद्रावर मॅट्रिकच्या परीक्षेत इतकी सर्रास कॉपी झाली की मंडळाने त्या केंद्राचा निकालच रद्द केला. मुलं कोर्टात गेली, आमचं म्हणणं ऐकलं नाही म्हणाली. या वेळी सुप्रीम कोर्टाने मंडळाची बाजू उचलून धरली. सगळं केंद्रच बरबटलेलं असेल तर एकेकाला वेगळं बोलवून विचारण्याची गरज नाही, परीक्षा पुन्हा घ्या, असं १९७० साली सांगितलं.

हा निकालही मला पटतो, कारण असली केंद्रं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. दहावीच्या पर्यवेक्षणाला आम्हाला बाहेरगावी धाडत. खिडकीखाली मामा, काका, थोरले भाऊ असे उभे असायचे, जणू लग्नाला वऱ्हाड आलंय. कागदाचे बोळे आत येत, पाण्याच्या तांब्याबरोबर चिठ्ठ्या येत. एकदा भरारी पथकाची जीप फाटकाशी दिसताच मागच्या भिंतीवरून जी पळापळ झाली, ती पाहून हसावं की रडावं ते कळेना. आणि त्या वर्गात कोपऱ्यात एखादी मुलगी मान खाली घालून आपलं आपण लिहीत असायची. कॉपी करणाऱ्याने लुबाडलं ते सरकारला किंवा मंडळाला नाही. त्याने त्या कोपऱ्यातल्या मुलीला लुबाडलं. नियम कडक हवेत ते तिच्यासाठी.

पण नेमकी तशीच एक मुलगी नियमांच्या चाकाखाली आली, ते सांगते. माझी विद्यार्थिनी, अक्षर मोत्यासारखं, स्वभाव अबोल. १९८० च्या दशकातली गोष्ट. ती शहरात एका कॉलेजात शिकत होती. शेवटच्या वर्षाचा निकाल लागला, तर हिच्या नावापुढे 'निकाल राखीव'. कारण? कोणी सांगेना. कॉलेज म्हणे विद्यापीठाला विचारा, विद्यापीठ म्हणे पत्र येईल. वडील एस.टी.त कंडक्टर, रजा टाकून हेलपाटे घालत राहिले. काही महिन्यांनी पत्र आलं की तिच्या उत्तरपत्रिकेतली काही उत्तरं शेजारच्या बाकावरच्या मुलाशी जुळतात. चौकशीला बोलावलं. समितीने दोनचार प्रश्न विचारले, एक उत्तर तिथेच लिहायला लावलं, तिने लिहिलं. मग पुन्हा शांतता. अखेर निकाल आला, पास! पण तोवर बी.एड.चे प्रवेश संपून गेले होते. वर्ष गेलं. 'तुमच्यावर ठपका नाही' असा एका ओळीचा कागदसुद्धा तिला मिळाला नाही. गावात मात्र कुजबूज पुष्कळ झाली. पुढे ती बँकेत लागली, संसार छान आहे. पण त्या वर्षाचा विषय निघाला की अजून गप्प होते.

तिला कोणी मुद्दाम छळलं असं मी म्हणत नाही. चौकशी करावी अशी शंका होती, चौकशी झाली, ती सुटली. नियमाप्रमाणे सगळं बरोबर. फक्त विद्यार्थ्याने फॉर्म एक दिवस उशिरा भरला तर दंड असतो आणि विद्यापीठाने निकाल काही महिने उशिरा दिला तर काहीच नसतं, एवढंच माझं म्हणणं आहे.

महाराष्ट्राने १९८२ साली परीक्षांतल्या गैरप्रकारांविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. पेपरफुटी, कॉपीला मदत, हे सगळं गुन्हा ठरलं. चांगलं झालं. पण त्याच सुमारास आणखी एक प्रश्न कोर्टात होता: माझी तपासलेली उत्तरपत्रिका मला पाहता येईल का? आपल्याच राज्य मंडळाचा नियम होता की नाही, पाहता येणार नाही. फार तर बेरीज पुन्हा तपासून मिळेल. मुंबई उच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूने कौल दिला, पण १९८४ साली सुप्रीम कोर्टाने तो फिरवला आणि मंडळाचा नियम योग्य ठरवला. लाखो उत्तरपत्रिका, प्रत्येकजण बघायला लागला तर निकालाला अंत राहणार नाही, आणि शिक्षणातलं शिक्षणतज्ज्ञांना जास्त कळतं, असा साधारण विचार.

स्टाफरूममध्ये त्या दिवशी बहुतेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता. ते मी समजू शकते. मीसुद्धा वर्षानुवर्षं दहावीचे गठ्ठे तपासले. ऐन एप्रिलचा उकाडा, घरात लग्नकार्य, पोरांच्या सुट्ट्या आणि मॉडरेटरकडे गठ्ठे पोचवायची तारीख डोक्यावर. पेपर तपासणारा माणूसच असतो. त्याच्या हातून पान चिकटलेलं राहतं, पुरवणी सुटते, सहाचे नऊ होतात. म्हणूनच दुसऱ्या कोणीतरी बघायची सोय हवी. ज्याचा पेपर त्याच्याइतक्या काळजीने तो कोण बघणार?

बंद खोलीत गुण वाढतात की कमी होतात, हा प्रश्न किती मोठा आहे ते दोनच वर्षांत महाराष्ट्राला कळलं. १९८६ साली मुंबई विद्यापीठाच्या एम.डी.च्या परीक्षेतल्या गुणवाढीच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले आणि मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांना राजीनामा द्यावा लागला. परीक्षेच्या गुणांवरून सरकारचा प्रमुख बदलला! त्या दिवसांत आमच्या गावात केशकर्तनालयापासून कीर्तनापर्यंत दुसरा विषय नव्हता.

उत्तरपत्रिकेचं कुलूप उघडलं ते मात्र बऱ्याच वर्षांनी. २००५ साली माहिती अधिकाराचा कायदा आला. सीबीएसईच्या एका विद्यार्थ्याने त्याखाली आपली उत्तरपत्रिका मागितली, मंडळाने नाही म्हटलं. २०११ साली सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती आहे आणि ती विद्यार्थ्याला पाहायला मिळाली पाहिजे. तपासणाऱ्याचं नाव मात्र झाकून ठेवा, त्याला त्रास नको. किती साधा आणि समंजस तोडगा! १९८४ ते २०११, मध्ये सत्तावीस वर्षं. एवढ्या काळात किती गठ्ठे रद्दीत गेले असतील, आणि त्यात काय काय असेल...

असो.

आता त्या तिसऱ्या नातवाच्या प्रोजेक्टकडे येते. उचलेगिरीला आमच्या वेळी वाङ्मयचौर्य असा भारदस्त शब्द होता आणि तो फक्त लेखकांना लागू होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली त्यासाठी देशभर लागू होणारे नियम केले. प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य आढळलं तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा द्यायचा. ४० ते ६० टक्के असेल तर वर्षभर देताच येणार नाही. ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द.

ही टक्केवारी वर्तमानपत्रांत सगळीकडे आली. पण याच नियमांतल्या दोन गोष्टी फारशा कोणी बोललं नाही. एक म्हणजे हे नियम प्राध्यापकांनाही आहेत. त्यांच्या लेखनात ४० टक्क्यांवर साम्य निघालं तर लेख मागे घ्यायचा, एक वार्षिक वेतनवाढ जाते आणि दोन वर्षं नवा संशोधक विद्यार्थी घेता येत नाही. ६० च्या वर असेल तर दोन वेतनवाढी आणि तीन वर्षं. दुसरी गोष्ट म्हणजे आरोप पक्का सिद्ध झाल्याशिवाय आणि त्या माणसाला आपली बाजू मांडायची पुरेशी संधी दिल्याशिवाय शिक्षा करायची नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. १९६२ साली जे कोर्टाला सांगावं लागलं, ते २०१८ साली नियमातच उतरलं. छप्पन्न वर्षं लागली, पण उतरलं खरं.

२०२४ साली संसदेने सार्वजनिक परीक्षांतल्या गैरप्रकारांविरुद्ध कायदा केला, त्यातही मला हाच बदल दिसतो. तो केंद्राच्या परीक्षांना लागू आहे आणि त्याचा रोख परीक्षार्थींवर नाही. पेपर फोडणारे, परीक्षा घेणाऱ्या कंपन्या, आतले सामील लोक यांच्यावर आहे. संघटित गुन्ह्याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि किमान एक कोटी दंड. म्हणजे मास्तरांच्या बुटाकडे कायद्याचं लक्ष गेलं म्हणायचं!

आणि आता तर यंत्रच निबंध लिहून देतं, आणि दुसरं यंत्र सांगतं की हा यंत्राने लिहिला आहे. मला त्यातलं तंत्र कळत नाही. पण एवढं कळतं की यंत्राने बोट दाखवलं म्हणजे चौकशी सुरू झाली, ती संपली नाही. त्या मुलाला समोर बसवा, हातात कागद द्या, "बाळा, हेच तुझ्या शब्दांत सांग" म्हणा. पाच मिनिटांत खरंखोटं कळतं. माझ्या विद्यार्थिनीलाही समितीने तिथेच एक उत्तर लिहायला लावलं होतं. पद्धत बरोबरच होती, फक्त ती निकालाआधी, आठवडाभरात वापरायला हवी होती.

तर मुलांनो, नियम कोणी केले याचं उत्तर इतकं लांबलं. ते बऱ्याच जणांनी मिळून केले. काही साहेबांनी केले, काही कोर्टाने करायला लावले आणि काही तुमच्यासारख्याच मुलांनी वर्षं घालवून मिळवले. त्यांनी मिळवलेलं तुम्ही वापरलं नाही तर उपयोग काय?

म्हणून तिघांना सांगते. एटीकेटीवालीने रडत बसू नये. दोन्ही विषयांच्या उत्तरपत्रिकांच्या प्रती मागवाव्यात, मुदत गेली नाही ना ते आजच पाहावं, आणि आपण कुठे कमी पडलो ते लाल शाईतून नीट वाचावं. ग्रेसच्या गुणांवर डोळा ठेवू नये. मिळाले तर बंकिमचंद्रांचं नाव घेऊन नमस्कार करावा आणि पुढच्या खेपेला ते लागणार नाहीत इतका अभ्यास करावा. हजेरीवाल्याने सकाळी उठावं. त्याच्याबाबतीत इतिहासाची काही मदत होणार नाही. आणि प्रोजेक्टवाल्याने खरोखर उचललं असेल तर सरळ कबूल करून नव्याने लिहावं. उचललं नसेल तर लेखी विचारावं की माझं कोणतं वाक्य, कोणत्या मजकुराशी जुळतं ते दाखवा. विचारताना आवाज चढवायचा नाही, पण कागदावर पोच मात्र घ्यायची.

आणि हो, कॉलेजच्या माहितीपुस्तकाची शेवटची पानं कोणीच वाचत नाही, तिथेच हे सगळं बारीक टायपात छापलेलं असतं. ती वाचून ठेवा. पुढच्या वेळी भेटलात की विचारणार आहे.